जास्तीच्या गायी

चंद्रहास मांसाच्या गायींवर पोट भरत होता, आणि ही गोष्ट त्याने वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या मराठी माणसांपासून पाच वर्षं लपवून ठेवली होती. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातली पदवी घेऊन तो इथे आला. इथली परीक्षा पास झाल्याशिवाय इथल्या जनावराला सुई टोचता येत नाही, म्हणून तो एका छोट्या फर्ममध्ये शेतसल्लागार झाला. रिमुटाकाचा घाट ओलांडून वाइरारापात जायचं, टेकड्यांवरची कुरणं बघायची आणि शेतकऱ्याला सांगायचं की गायी कधी विऊ द्यायच्या, किती ठेवायच्या, किती काढायच्या. काढायच्या म्हणजे कुठे धाडायच्या, हे उघड आहे. कत्तलखान्याला तिथले लोक नुसतं 'वर्क्स' म्हणतात. ट्रक येतो, गायी चढतात, फाटक लागतं.

मंडळात कुणी विचारलं की तो 'शेतीत कन्सल्टिंग' म्हणून मोकळा व्हायचा. लोक समजायचे, दूध. दूध, लोणी, चीज हे सगळं पवित्र. दूध आटल्यावर त्या गायीचं काय होतं, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता, आणि चंद्रहासही पडू देत नव्हता. त्याची बायको कल्याणी हॉस्पिटलात फार्मसिस्ट. तिला हा लपंडाव बिलकूल आवडत नसे. तू चोरी करत नाहीस, मग चोरासारखा वागतोस कशाला, असं ती विचारायची. त्यावर तो म्हणायचा, तुला मंडळातले लोक माहीत नाहीत. तिला ते चांगले माहीत होते. म्हणून तर ती विचारायची.

आता नॉइलीनबद्दल. साठी ओलांडलेली बाई, मास्टरटनपासून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची टेकड्यांची शेती. नवरा ट्रेव्हर शेतावरची चारचाकी क्वाडबाईक उलटून गेला. दोन्ही मुलगे ऑस्ट्रेलियात. ट्रेव्हरच्या मागे राहिला तो दोनशे हेरफर्ड गायींचा कळप. तांबडं अंग, पांढरं तोंड. तीस वर्षं एकेक कालवड निवडून त्याने तो उभा केला होता. पण वासरं वजनाला कमी भरत होती, गायी वेळेवर गाभण राहत नव्हत्या आणि कळप स्वतःचा खर्चसुद्धा भागवत नव्हता. मुलांनी आईला सांगून टाकलं होतं की २००८ चा हंगामही असाच गेला तर गायी विकायच्या आणि टेकड्यांवर पाइनची लागवड करायची. नॉइलीनला पाइन नको होते. तिला कळप हवा होता. चंद्रहासला तिने बोलावलं ते एवढ्याचसाठी.

दुखणं त्याला पहिल्याच फेरीत दिसलं. ट्रेव्हरच्या गायी ऑगस्टच्या सुरुवातीला व्यायला लागायच्या. ही तारीख त्याने बापाकडून घेतली होती, बापाने आजोबाकडून. पण इथले ऋतू उलटे, ऑगस्ट म्हणजे हिवाळा, आणि त्या टेकड्यांवर गवत हलतं ते सप्टेंबरात. गाय व्याली की तिची भूक जवळजवळ दुप्पट होते, आणि नेमकी तेव्हाच टेकडी उघडी. मग गाय अंगातली चरबी जाळून वासराला दूध पाजते, स्वतः हाडं होते, आणि हाडं झालेली गाय वेळेवर माजावर येत नाही. ती उशिरा गाभण राहते, पुढच्या वर्षी उशिरा विते, किंवा भाकडच राहते. यावरचं औषध साधं होतं. वळू तीन-चार आठवडे उशिरा सोडायचा, म्हणजे गाय विते तेव्हा गवत हजर असतं.

पण हे अर्धं औषध. त्या भागात उन्हाळा कोरडा जातो. उशिरा जन्मलेल्या वासराला हिरवं गवत थोडेच महिने मिळतं, म्हणून तेवढ्या गवतावर तोंडंही कमी पाहिजेत. तारीख पुढे न्यायची आणि गायी कमी करायच्या, ही दोन कामं नाहीत, एकच काम आहे. फक्त पहिलं केलंत आणि दुसरं केलं नाहीत, तर न केलेलं बरं. हे चंद्रहासने नॉइलीनच्या स्वयंपाकघरात बसून तिला नीट समजावलं. तिला पटलं. त्या वर्षी वळू उशिरा सोडायचं ठरलं, आणि किती गायी काढायच्या ते उन्हाळा कसा जातो ते पाहून मार्चमध्ये ठरवू, असं झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरात, गणपतीत, लपवलेलं फुटलं. मास्टरटनच्या हॉस्पिटलातले डॉक्टर गुरुनाथ आरतीनंतर खिरापत चघळत सहज बोलून गेले की चंद्रहास परवा गुरांच्या लिलावात दिसला, चांगली धष्टपुष्ट जनावरं होती. कुणीतरी विचारलं, दुधाची का? डॉक्टर हसले. म्हणाले, अहो, ती कसली दुधाची, ती तर ताटातली.

आपल्या लोकांचं एक असतं, तोंडावर कुणी बोलत नाही. मंडळाचे अध्यक्ष सुधाकर वेलिंग्टनला सरकारी ऑफिसात कम्प्युटरवर होते, त्यांनी चंद्रहासच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, असतं एकेकाचं प्रारब्ध. त्यांच्या गाडीच्या सीटा कातडी होत्या. त्यांचा मुलगा मॉलमध्ये काय खातो हे सगळ्या मुलांना माहीत होतं, फक्त त्याच्या आईला नव्हतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी त्यांच्या बायकोचा, प्रमोदिनीचा, कल्याणीला फोन आला. दरवर्षी मंडळाच्या नैवेद्याच्या गुळपोळ्या कल्याणी करायची. प्रमोदिनीने गोड आवाजात सांगितलं की या वेळी पोळ्या आम्ही बघतो, तू दमतेस गं, तू नुसती ये.

कल्याणीने फोन ठेवला आणि भिजवलेली कणीक फ्रिजमध्ये टाकली. चंद्रहासला म्हणाली, आता तरी बरं वाटतंय ना, लपवायचं काही उरलं नाही. पण त्याला बरं वाटत नव्हतं. त्याला ते लागलं होतं, आणि लागलेल्या माणसाच्या हातात आकडे देऊ नयेत.

त्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही. फेब्रुवारीत टेकड्या बिस्किटाच्या रंगाच्या झाल्या. मार्चमध्ये चंद्रहास नॉइलीनकडे गेला तेव्हा कळप कुंपणात गोळा केलेला होता. त्याने गवत पाहिलं, गाठीला असलेले वाळल्या चाऱ्याचे गठ्ठे पाहिले, गायींच्या बरगड्या पाहिल्या आणि मनात हिशोब मांडला. दोनशेतल्या साठ काढायला हव्या होत्या. म्हाताऱ्या, उशिराच्या गाभण, दात झिजलेल्या. हिवाळ्याआधी, लगेच.

इतर शेतांवर तो नुसता सल्ला लिहून द्यायचा आणि शेतकरी आपला आपण ठरवायचा. इथे नॉइलीन फाटकाच्या दांडीला टेकून म्हणाली, तू सांगशील तेवढ्या. तिच्याशेजारी डॉट उभी होती. आई मेली म्हणून ट्रेव्हरने बाटलीने वाढवलेली गाय, आता म्हातारी, इतकी माणसाळलेली की नॉइलीनच्या जाकिटाचा खिसा चाटत होती. डॉट साठांतली होती. पोटातलं वासरूही उशिराचं.

साठ हा आकडा चंद्रहासच्या तोंडून निघेना. मनात प्रमोदिनीचा गोड आवाज आला, 'ताटातली' आलं, दादरच्या घरात आई वसुबारसेला चांदीच्या गाय-वासरापुढे हात जोडायची तेही आलं. तो म्हणाला, वीस.

कारणं त्याने मागाहून शोधली. आता गायी उशिरा विणार म्हणजे हिवाळ्यात कमी खातील. एप्रिलमध्ये पाऊस येईल. गवत हात देईल. कारणं शोधली की मिळतात. माणूस आधी पाप-पुण्य ठरवतो आणि मग त्याला शोभेल असं गणित मांडतो. अडाणी माणूस मांडत नाही, त्याला ते येतच नाही. पदवीवाल्याला येतं.

नॉइलीनने डॉटच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. एवढंच म्हणाली, ट्रेव्हरला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर त्याने कल्याणीला सांगितलं. कौतुक होईल अशी त्याची अपेक्षा असावी. ती भांडी घासत होती, हात थांबवून वळली.

"डॉक्टरने दहा दिवसांचं औषध लिहिलं आणि मी पेशंटला तीन दिवसांचं दिलं, कारण गोळ्या कडू आहेत, तर तू मला काय म्हणशील?"

तो म्हणाला, गोळ्या आणि जीव यात फरक आहे. ती म्हणाली, "जीव आहेत म्हणूनच म्हणतेय. त्या चाळीस गायी खाणार काय? तुझं पुण्य?"

तेव्हाच नॉइलीनला फोन करायला हवा होता. फोन भिंतीवर होता, नंबर पाठ होता.

गुढीपाडव्याला मंडळाचं जेवण होतं. श्रीखंड वाढता वाढता कुणीतरी पुन्हा तो विषय काढला, चिमटा काढतात तसा. काय चंद्रहासराव, या वर्षी किती धाडल्या? चंद्रहासने वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की धाडल्या किती ते सोडा, वाचवल्या किती ते विचारा. साठ जायच्या होत्या, मी वीस म्हणालो, चाळीस गायी माझ्या एका शब्दावर वाचल्या.

पंगत एकदम बदलली. सुधाकरांनी पुन्हा पाठीवर हात ठेवला, या वेळी दोनदा. प्रमोदिनी म्हणाली, म्हणजे तुम्ही त्यांच्यात राहून आपलं काम करता. तिचे डोळे भरून आले होते, आणि हे मी टोमण्याने सांगत नाही, ते खरंच भरले होते. पुरी वाढायला तीच आली. मग तिच्याच डोक्यात निघालं: इतकी वर्षं आपण वसुबारसेला खेळण्यातली प्लॅस्टिकची गाय पुजतोय, मुलांना वाटतं गाय अशीच असते. या वर्षी वसुबारस ऑक्टोबरातल्या लेबर डेच्या जोडसुट्टीत रविवारी येतेय, तर आपण खऱ्या गायीची पूजा करू, वाचवलेल्या गायीची. चंद्रहास हो म्हणाला. कल्याणीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये पाऊस आला तो उशिरा आणि थोडा. मग हिवाळा लागला आणि नको तेव्हा धो धो कोसळला. टेकड्यांवर चिखल झाला, एकशे ऐंशी गायींच्या खुरांनी जे थोडं गवत होतं तेही चिखलात गेलं. गठ्ठे जुलैतच संपत आले. विकत घ्यावे तर आदल्या दुष्काळात सगळ्यांचेच संपलेले, शेजारी काय देणार? वर्क्सची रांगही लांबली होती. आणि गाभण गायी, पोट पुढे आलेलं, पुठ्ठे बसलेले, ट्रकवर घालायच्या तरी कशा? मार्च गेला तो गेला.

सप्टेंबरात गवत आलं. तारीख बरोबर होती. तेवढं चंद्रहासचं बरोबर होतं. पण गवतापर्यंत पोचायची ताकद सगळ्या गायींत राहिली नव्हती. वितानाच काही बसल्या आणि उठेनात. चंद्रहास आठवडाभर रोज घाट ओलांडून जात होता. तो आणि नॉइलीन बसलेल्या गायीच्या कमरेला लोखंडी चिमटा लावायचे, ट्रॅक्टरने तिला उचलून पायांवर धरायचे, पाय धरतात का बघायचे. काहींनी धरले. ज्यांनी धरले नाहीत त्यांच्यासाठी नॉइलीन घरातून रायफल आणायची. त्या वेळी चंद्रहास आपल्या यूटमध्ये, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, जाऊन बसायचा आणि काच वर करायचा.

अकरा गायी गेल्या. त्याहून जास्त वासरं गेली. नॉइलीनने एकदाही त्याला दोष दिला नाही. ती दुष्काळाला शिव्या द्यायची, हिवाळ्याला द्यायची. तोही मान हलवायचा. म्हणायचा, हो, दुष्काळच वाईट होता.

डॉट मात्र जगली. सगळ्यांत शेवटी व्याली, आणि तिचं वासरू ठणठणीत निघालं. दैवाला असले विनोद फार सुचतात.

चंद्रहासने सुधाकरांना फोन करून पूजा रद्द करण्याचा प्रयत्न केला. हवा खराब असते, रस्ता वळणाचा आहे. सुधाकर म्हणाले, छे छे, आठ गाड्या ठरल्यात. नॉइलीनला विचारलं तर तिला उलट बरंच वाटलं. या वर्षी इथे कुणी काही साजरं केलेलं नाही, येऊ देत, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत झकासच.

रविवारी दुपारी आठ गाड्या अंगणात लागल्या. बायका पैठण्या नेसून आणि पायात सँडल घालून उतरल्या, आणि पहिल्याच शेणात थबकल्या. नॉइलीनने पडवीतले सगळे जुने गमबूट बाहेर काढून ठेवले. पैठणी आणि गमबूट, एवढं एक दृश्य सोडलं तर त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. मुलं वासराभोवती जमली आणि सलोनीने, चंद्रहासच्या मुलीने, त्यांना इंग्रजीत दम दिला की मागून जाऊ नका, लाथ बसेल.

नॉइलीनने चहा केला होता, लोणी घालून स्कोन भाजले होते. चहात दूध नको, असं बायका म्हणाल्या, स्कोनही नको. तिला वाटलं काहीतरी चुकलं. कल्याणीने तिला समजावलं की आज आम्ही गायीचं दूध, तूप, लोणी काही खात नाही, आजचं दूध वासराचं. नॉइलीनने ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे कुणी ठरवलं असेल त्याला गायी कळत होत्या.

कुंपणाच्या दोन खोल्या होत्या, मध्ये लाकडी दांड्या. अलीकडे डॉट आणि तिचं वासरू. पलीकडे पंधराएक गायी दाटीने उभ्या होत्या, हाडं दिसणाऱ्या. त्यांची वासरं मेली होती, आणि मंगळवारी त्यांच्यासाठी ट्रक यायचा होता. प्रमोदिनीने डॉटच्या पायांवर पाणी घातलं, फुलं वाहिली, पांढऱ्या कपाळावर कुंकू लावलं. ते कुंकू त्या पांढऱ्या तोंडावर इतकं उठून दिसलं की नॉइलीनसुद्धा ओह म्हणाली. वासराला ओवाळलं. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी डॉटपुढे धरली. तिने भाकरी घेतली, भाजी हुंगून सोडली.

मग प्रमोदिनीचं लक्ष पलीकडे गेलं. म्हणाली, या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय? आणि दांड्यांमधून हात घालून, एकेकीला चुचकारत, जवळ येतील तेवढ्या गायींच्या कपाळावर तिने कुंकू लावलं आणि भाकरीचा तुकडा भरवला. मग सहज विचारलं, यांची वासरं कुठे आहेत?

असतील तिकडे, चंद्रहास म्हणाला.

पूजा इथे संपली असती तर सगळे सुखाने घरी गेले असते. पण मराठी माणूस आभारप्रदर्शनाशिवाय उठत नाही. चार माणसं जमली, सतरंजी अंथरली, की शेवटी एकाने उठून आभार मानायलाच हवेत, आणि परक्याच्या दारात तर इंग्रजीतच. सुधाकरांनी खिशातून चष्मा काढला. नॉइलीनला त्यांनी नारळ आणि ब्लाउजपीस दिला. मग म्हणाले की मॅडम, आम्ही तुमचे ऋणी आहोत. आमच्या धर्मात गाय माता आहे. आणि आमचे मित्र चंद्रहास, हे फार मोठ्या मनाचे गृहस्थ. तुमच्या कळपातल्या साठ गायी कापायला जायच्या होत्या. पण त्यांचं मन धजलं नाही. त्यांनी तुम्हाला वीसच सांगितल्या आणि चाळीस मातांचे प्राण वाचवले. आज इथे टाळ्या झाल्या पाहिजेत.

टाळ्या झाल्या. नॉइलीनच्या हातात नारळ होता. तिने तो हळूच दांडीवर ठेवला, तो गडगडत खाली पडला, तरी तिने खाली पाहिलं नाही. चंद्रहासकडे पाहत ती म्हणाली, "हे खरं आहे?"

निसटायला वाट होती. सुधाकरांनी भाषणाच्या भरात वाढवून सांगितलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने मानलं असतं, तिला मानायचंच होतं. कल्याणी भाकरीचा डबा घेऊन उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. मार्चमध्ये भांडी टाकून बघितलं होतं तसंच.

"खरं आहे," तो म्हणाला.

"साठ?"

"साठ."

"तू मला दुष्काळ म्हणालास."

"दुष्काळ होताच. पण साठ काढल्या असत्या तर गवत पुरलं असतं."

नॉइलीनचा आवाज चढला नाही. ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. म्हणाली, "डॉटला मी मार्चमध्ये मनातून निरोप देऊन बसले होते. तू म्हणालास ठेव. मला इतकं बरं वाटलं की मी पुढे काही विचारलंच नाही. तेवढी चूक माझी. पण त्या अकराजणींना गोळी मी घातली, चंद्रा. प्रत्येकीच्या डोळ्यांत बघून. तू गाडीत काच लावून बसला होतास. मला वाटायचं तुला बघवत नाही. तू तर लपला होतास."

टाळ्या वाजवलेले हात अजून छातीशीच होते. नॉइलीनचा अर्धा उच्चार प्रमोदिनीला कळला नव्हता, पण तोंड कळलं होतं. तिने चंद्रहासला विचारलं, काय म्हणतायत त्या? कशाला चिडल्या?

आणि मग त्याने जे पाच वर्षांत केलं नव्हतं ते केलं. मराठीत, सरळ, आवाज न वाढवता.

"वहिनी, त्या पलीकडच्या गायींची वासरं मेली. उपाशी गायींच्या पोटची होती. अकरा गायी मेल्या. मी आकडा खोटा सांगितला म्हणून मेल्या. तुम्ही आता कुंकू लावलंत त्या गायी मंगळवारी कापायला जाणार. आणि ही डॉट उन्हाळ्यात, वासरू दुधापासून तोडलं की."

प्रमोदिनी हातातल्या तबकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, आजच्या दिवशी तरी नव्हतं सांगायचं. सुधाकर फोटो काढणाऱ्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, हे मंडळाच्या ईमेलवर नको हं पाठवायला. एकेक करून गमबूट पडवीत परत गेले. गाड्या निघाल्या. जाताना डॉक्टर गुरुनाथ तेवढे चंद्रहासजवळ थांबले. खिशातली गाडीची किल्ली चाचपली आणि गेले.

कल्याणीने खाली पडलेला नारळ उचलून पुसला आणि नॉइलीनच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. न विचारता कपबशा धुवायला घेतल्या.

बाहेर नॉइलीनने चंद्रहासला तीन गोष्टी सांगितल्या. तुझ्या फर्मला मी काही कळवणार नाही. नाताळला मुलं येतील तेव्हा त्यांना काय झालं ते तू सांगशील, माझ्यासमोर. आणि मंगळवारी ट्रक येईल तेव्हा फाटकावर तू उभा राहशील.

मंगळवारी तो घाट ओलांडून गेला. हवा स्वच्छ होती, टेकड्या हिरव्यागार, या देशाच्या कॅलेंडरवर असतात तशा. कुंपणातून एक अरुंद वाट निघते, तिच्या टोकाला झुलतं फाटक असतं. हात डावीकडे नेला की गाय ट्रककडे जाते, उजवीकडे नेला की परत कुरणात. त्या फाटकाला हात लावायची वेळ चंद्रहासवर एवढ्या वर्षांत कधी आली नव्हती. तो कायम बाजूला उभा राहून सांगायचा.

नॉइलीन मागून गायी हाकत होती. पहिली आली ती तांबडी, म्हातारी, दुधाने तटतटून मग आटलेली कास. कपाळावरचं कुंकू रविवारच्या रात्रीच्या दवाने ओघळलं होतं आणि एका डोळ्यापर्यंत आलं होतं. फाटकापाशी ती थांबली. माणसाने कपाळाला हात लावला की भाकरी मिळते, असं तिला दोन दिवसांपूर्वी नुकतंच कळलं होतं. तिने मान पुढे केली.

चंद्रहासने फाटक डावीकडे ढकललं.

ती गेली. मागची आली, तिच्याही कपाळावर लाल. डावीकडे. तिसरीला नव्हतं. डावीकडे. सगळ्या चढल्यावर ड्रायव्हरने मागचं दार लावलं आणि हात वर करून निघून गेला.

नॉइलीन दांडीवर चढून बसली. वरच्या कुरणात उरलेला कळप पसरला होता, वासरं आईच्या पोटाखाली डोकं घुसळत होती. उन्हाळा यायला अजून वेळ होता, पण फार नाही.

"आता बोल," ती म्हणाली. "हा उन्हाळाही कोरडा गेला, तर कळप टिकवायला आणखी किती? मुलांसमोर नाताळात हाच आकडा सांगायचाय तुला."

त्याने टेकडी पाहिली. गवत पाहिलं, गायींच्या बरगड्या पाहिल्या, शेवटच्या ओळीत उभी असलेली डॉट पाहिली. हिशोब मनात लगेच झाला, तो नेहमीच लगेच व्हायचा.

"आणखी पंचवीस," तो म्हणाला. "फेब्रुवारीत. वासरं लवकर तोडून."

"डॉट धरून?"

त्याने नजर डॉटवरून काढून नॉइलीनकडे वळवली.

"धरून," तो म्हणाला.